देवीकडे पाठ

त्या वर्षी श्रावण लागला तेव्हा मी देवाशी बोलणे सोडले होते. भांडण झाले होते असे म्हणता येणार नाही. भांडायला समोर कुणीतरी आहे एवढी तरी खात्री लागते, आणि माझी तीच उरली नव्हती. मी धुळ्याच्या एका शाळेत गणित शिकवत होतो आणि घरी माझी माय कर्करोगाने अंथरुणाला लागली होती. पण खरे सांगायचे तर त्या रोगापेक्षा अंथरुणानेच तिला जास्त छळायला घेतले होते. एकाच कुशीवर पडून पडून तिच्या डाव्या खुब्यावर जखम झाली होती आणि ती दिवसेंदिवस खोल जात होती. पोटातल्या दुखण्याला उपाय नाही हे मी मान्य केले होते. ही जखम मात्र माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताखाली वाढत होती, आणि मला ती थांबवता येत नव्हती.

आमचे गाव पारोळ्याजवळचे. वडील मी लहान असतानाच गेले. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करी, हंगामात कापूस वेची, आणि मला शिकवी. आमच्या भाऊबंदकीत पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. जळगावच्या कॉलेजातून शेवटच्या परीक्षेचा निकाल घेऊन परत आलो तेव्हा तिने तो काय लागला हे विचारलेही नव्हते. "आते तुले उन्हामा जावाना नही नं?" एवढेच तिने विचारले. आता तुला उन्हात राबावे लागणार नाही ना, हीच तिची पदवी होती. धुळ्याला नोकरी लागल्यावर मी तिला घेऊन आलो. एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिला सुखाचे दिवस दाखवायचे मनात होते. ते थोडे दिवस दाखवलेही. मग तिला रक्तस्राव सुरू झाला आणि लाजेपायी तिने तो लपवून ठेवला. कळले तेव्हा उशीर झाला होता. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन लाइटचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, दिला. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "आता औषध थोडे आणि सेवा जास्त. आईंना घरी घेऊन जा."

सेवा या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. सेवा म्हणजे पाय चेपणे, पाणी पाजणे असे मला वाटे. मलमूत्र, लुगडी, फडकी, चादरी, उकळते पाणी, आणि या सगळ्यात कुणाशी बोलावे असे माणूस नाही, हे कुणी सांगितले नव्हते. तेव्हा लोकांची अशी समजूत होती की हा रोग वाऱ्याने लागतो. आमच्याकडे येणे जाणे हळूहळू थांबले. समोर राहणाऱ्या मारवाडी कुटुंबातल्या शेठाणीबाई मनाने फार चांगल्या. त्या धुऊन मऊ झालेली जुनी धोतरे जखमेच्या पट्ट्यांसाठी आणून देत. पण आणत त्या उंबऱ्यापर्यंतच. पदर नाकाला लावून म्हणत, "मास्तरजी, इथे ठेवले बरं का. माझ्या घरात लहान लेकरं आहेत, म्हणून आत नाही येत." मी म्हणे, "बरोबर आहे बाई." त्यांचे खरेच बरोबर होते. माझ्या लग्नाचे एक बोलणे चालले होते, तेही कुणी काही न बोलता विरून गेले. शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारपूस केली की मी "ठीक आहे" म्हणे आणि तेही सुटल्यासारखे खडूचा डबा उचलून वर्गावर जात.

सकाळी मायचे सगळे आवरून, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून, मी बाहेरून कडी लावून शाळेत जाई. परत आल्यावर त्या कडीवर हात ठेवून मी आधी कानोसा घेई. आत काय दिसेल याची भीती असे, आणि त्याबरोबर आणखी एक भावना असे जिला मी नाव देऊ शकलो नाही. दार उघडले की आधी तो वास येई. मग मायचा आवाज येई, "उना का रे भाऊ?" ती मला भाऊ म्हणे. मी "हो, आलो" म्हणे आणि पाणी उकळायला ठेवी.

जखम सुरू झाली ती एका लाल डागाने. मला वाटले घामोळे असेल. मग तो डाग जांभळा झाला, काळा पडला, आणि एके दिवशी त्या काळ्या कातडीखालून पाणी आले. धुळ्यातले डॉक्टर घरी येऊन बघून गेले. त्यांनी मला जखम कशी धुवायची, औषधाची पट्टी कशी बसवायची ते दाखवले, हवेने फुगवायची रबरी रिंग आणायला सांगितली, आणि जाताना म्हणाले, "हे सगळे कराल ते वरवरचे. खरा उपाय एकच. यांना एका कुशीवर फार वेळ ठेवू नका. थोड्या थोड्या वेळाने उजव्या कुशीवर वळवत जा. हाडाचा भार कातडीवरून उतरला पाहिजे, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल." उताणे तिला निजताच येत नव्हते. कमरेतून अशी कळ येई की ती ओठ चावून रक्त काढी. म्हणजे डावी कूस आणि उजवी कूस एवढेच दोन मार्ग होते, आणि त्यातल्या उजव्या कुशीला माय तयार नव्हती.

कारण काय, ते समजायला आमच्या खानदेशातल्या कानबाईविषयी थोडे सांगावे लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घराघरात कानबाई बसते. देवी म्हणजे एक नारळ. त्याला डोळे लावतात, नथ घालतात, दागिने घालतात, पाटावर मांडतात. त्या दिवशी सारी भाऊबंदकी एका घरी जमते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घेऊन दळतात आणि त्याचा रोट करतात. सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या घराण्यात मात्र एक जुना नारळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तो विसर्जन करत नाहीत. नदीचे पाणी दाखवून परत आणतात आणि वर्षभर कोनाड्यात ठेवतात. त्याला वर्षातून त्या एकाच वेळी हात लावायचा, तोही भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्या सवाष्णीने. वडील गेल्यापासून मायनेसुद्धा त्याला हात लावला नव्हता. दर श्रावणात माझी काकू येऊन देवीला खाली घेई.

धुळ्याच्या खोलीत हा कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत होता. मायची खाट दक्षिणेकडे डोके करून टाकलेली. डाव्या कुशीवर पडले की तोंड बरोबर देवीकडे येई. उजव्या कुशीवर वळले की देवीकडे पाठ होई. माय म्हणे, "बठ्ठा जनम तिन्हाकडे तोंड करीसन काढा. आते मरतांना तिले पाठ दाखाडू का?" सगळा जन्म देवीकडे तोंड करून काढला, आता पाठ कशी दाखवू, असे तिचे म्हणणे.

मी एकदा खाटच फिरवून टाकली, म्हणजे उजव्या कुशीवरूनही देवी दिसेल. पण तसे करताना तिचे डोके उत्तरेकडे गेले. उत्तरेकडे डोके करून आपल्याकडे कुणाला निजवतात ते सगळ्यांना माहीत आहे. मायने खिडकीतल्या उन्हावरून दिशा ओळखली आणि मला म्हणाली, "भाऊ, मी आखो जित्ती शे." मी अजून जिवंत आहे. असे म्हणून ती हसली. मला हसता आले नाही. खाट पुन्हा होती तशी केली.

मग मी जबरदस्ती केली. शाळेत जाताना तिला उजव्या कुशीवर वळवून पाठीला उशा लावून गेलो. परत आलो तेव्हा उशा खाली पडलेल्या होत्या आणि ती डाव्या कुशीवर होती. मी नसताना तिने काय करून स्वतःला वळवले कोण जाणे. त्या ओढाताणीत जखमेच्या कडेची चांगली कातडीही सोलून निघाली होती. चादरीवर तो ओढल्याचा पट्टा दिसत होता. मी तिथेच जमिनीवर बसलो. त्यानंतर मी तिला वळवायचे नाव काढले नाही. कोनाड्याकडे मात्र पाहिले की माझ्या मनात कडवटपणा दाटून येई. जिच्याकडे तोंड करून ती पडली होती, तिच्यामुळेच तिची कूस सडत होती. देवी खरी असेल तर तिला हे दिसत नाही का? आणि खरी नसेल तर माय कुणासाठी हे सोसते आहे? या दोन प्रश्नांच्या मधे मी अडकून पडलो होतो, आणि ते विचारायला घरात तर दुसरे कुणी नव्हतेच.

श्रावणाच्या तोंडावर गावाहून आबा आले. आबा म्हणजे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. ते खाटेपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी चहा केला. त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. बराच वेळ पावसापाण्याच्या, कपाशीच्या गोष्टी केल्यावर ते म्हणाले, "वहिनी, औंदा तुम्हना घर रोट नको. गावलेच करी लेसूत. घरम्हा आजार शे, वास शे. देवीले चालत नही."

माय कोनाड्याकडेच तोंड करून होती. ती न वळता म्हणाली, "देवीले चालस आबा. तुमले चालत नही."

आबांनी न प्यालेला कप खाली ठेवला. त्यांना राग आला असे मला वाटले, पण जाताना मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा पाहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "तुन्ही काकूले मी धाडतू रे," ते म्हणाले, "पन तिले भ्याव वाटस. मी काय करू?" मी म्हणालो, "काही करू नका आबा. तुम्ही आलात हेच खूप." बस सुटली आणि मी परत घरी चालत आलो. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा वाटले की माय गेल्यावर या जगात मला भाऊ म्हणून हाक मारणारे कुणी उरणार नाही. आणि ती जाताना एवढ्या यातनेत जाईल तर मी पुढे कसा जगणार आहे?

कानबाईचा रविवार आला. आमच्या वरच्या गल्लीत एका घरी देवी बसली होती. दिवसभर तिकडून बायकांच्या गाण्यांचा आवाज येत होता, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास येत होता. आमच्या घरी मी खिचडी टाकली. माय जेवली नाही. उपास आहे का विचारले तर नाही म्हणाली. संध्याकाळी तिने एवढेच म्हटले, "तिन्हा तोंडवर धूळ बसनी शे रे." देवीच्या तोंडावर धूळ बसली आहे. वर्षाचा तो एक दिवस, आणि देवीला हात लावणारी सवाष्ण घरात नव्हती. मी फडके घेऊन उठलो, तर तिने मानेनेच नाही म्हटले.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार म्हणून शाळा अर्धा दिवसच होती. मी घरी येऊन तिची जखम धुतली. त्या दिवशी फडक्याखाली हाड लागते की काय अशी मला शंका आली. मी घाईने पट्टी बसवली. तेवढ्यात वरच्या गल्लीतून वाजंत्री ऐकू आली. देवी पांझरा नदीवर निघाली होती. माय म्हणाली, "दार उघड. ऐकू दे माले." एरवी मी माशांच्या आणि लोकांच्या त्रासाने दार लावूनच ठेवी. त्या दिवशी दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या आणि मी स्वयंपाकाच्या खोलीत हात धुवायला गेलो.

मिरवणूक आमच्या घरासमोर येते न येते तोच पाऊस कोसळला. श्रावणातली सर असते तशी नव्हे, आभाळ फाटल्यासारखा. वाजंत्रीवाले पळाले, पोरेसोरे पळाली, बायका समोरच्या ओट्यांवर चढल्या. पण जिच्या डोक्यावर देवी होती तिला पळता येईना. देवीचा पाट दोन्ही हातांनी धरलेला, आणि नदी येईपर्यंत तो मधे खाली ठेवायचा नाही हा नेम. ती बाई सावकाश पावले टाकत सगळ्यांत जवळचे उघडे दार दिसले त्यात शिरली. ते दार आमचे होते.

मी बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा ती उंबऱ्याच्या आत उभी होती. निथळत होती. मधल्या वयाची, सावळी, कपाळभर कुंकू पावसाने नाकावर ओघळलेले. डोक्यावर पाट, पाटावर देवी, देवीला हिरवे लुगडे, नथ. मी घाबरून म्हणालो, "बाई, घरात आजारी माणूस आहे. कर्करोग आहे." ती म्हणाली, "दिखस नं. थांबू दे जरासा. पानी थांबना की जासू." आणि तशीच उभी राहिली. तिने नाकाला पदर लावला नाही. तिचे दोन्ही हात वर अडकलेले होते, म्हणूनही असेल. पण कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या घरात कुणीतरी उघड्या तोंडाने श्वास घेत उभे होते.

मायला कुणीतरी आल्याचे कळले होते, पण दार तिच्या पाठीमागे. तिने विचारले, "कोन शे रे?"

मी काही बोलण्याआधी ती बाईच म्हणाली, "कानबाई उनी माय तुन्हा घर."

मी पाहिले, मायचे अंग ताठ झाले. ती कोनाड्याकडे पाहत होती आणि देवी तिच्या पाठीमागे, दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी घालमेल मी कधी पाहिली नव्हती. मग ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "भाऊ, माले फिराव. लवकर फिराव. ती मांगे उभी शे नं."

मी तिच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली एक, आणि तिला वळवले. मला वाटले होते ती किंचाळेल. तिने नुसता श्वास आत ओढला. उजव्या कुशीवर आल्यावर तिने मान उचलली आणि त्या देवीकडे पाहत राहिली. पाटाच्या कडेवरून पावसाचे थेंब गळत होते. तिने पडल्या पडल्या हात जोडले.

"कोन्ही कानबाई वं?" तिने विचारले.

"वरली गल्लीनी," ती बाई म्हणाली. मग थोडे हसून म्हणाली, "पन आते तुन्हा घरम्हा शे. तुन्हीच समज."

"मन्ही तिकडे शे, कोनाडाम्हा. तिले आज कोन्ही उतारं नही." आज तिला कुणी खाली घेतले नाही, असे माय सांगत होती, माहेरच्या माणसाजवळ तक्रार करावी तसे.

ती बाई कोनाड्याकडे पाहत म्हणाली, "मंग ह्या भाऊले सांग, तो उतारी. तिले काय हातपाय शेत का? जथा लई जा तथा येस बिचारी. मी नही का लई चालनी?"

नेऊ तिकडे येणारी, बिचारी. हा शब्द देवीला लावलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मायलाही त्याचे हसू आले. बाईचे हात भरून आले होते, ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. पाऊस ओसरला तशी बाहेरून कुणीतरी हाक मारली, ती जपून उंबरा उतरली आणि निघून गेली. जमिनीवर तिच्या पावलांचे ओले ठसे राहिले होते. मी ते पुसले नाहीत, आपोआप वाळू दिले.

माय बराच वेळ उजव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून होती. मी तिची पाठ पाहत होतो. जखमेवरचा भार उतरला होता. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, तू अंघोळ करी ये. तिले उतार." मी म्हणालो, "माय, मला चालतं का? मी पुरुष माणूस, लग्न नाही झालेलं." ती म्हणाली, "तिन्ही सांगं नं आते." तिने सांगितले ना आता. या तिने म्हणजे कुणी, त्या बाईने की आणखी कुणी, हे मी विचारले नाही.

मी अंघोळ करून धूतवस्त्र नेसून आलो. माय म्हणाली, "नीट धर. तुन्हा बापनी बी कधी उचलेल नही ती." मी देवीला खाली घेतले, तिच्या तोंडावरची धूळ पुसली आणि दाराजवळ, मायच्या नजरेसमोर, पाट मांडून त्यावर ठेवले. संध्याकाळ झाल्यावर देवीला परत कोनाड्यात नेले आणि मायला डाव्या कुशीवर वळवले. त्या दिवसापासून आमचा हाच नेम झाला. आधी देवी इकडची तिकडे जाई, मागोमाग माय वळे. शाळेत जाण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा, आणि मग जेव्हा जेव्हा हाडाला रग लागे तेव्हा. माझी पूजाअर्चा म्हणाल तर एवढीच होती. मंत्र मला येत नव्हते. एका हाताने देवी उचलायची, दोन्ही हातांनी माय उचलायची. यात भक्ती कोणती आणि सेवा कोणती, हे मला कधी वेगळे काढता आले नाही, आणि पुढे तशी गरजही वाटली नाही.

जखम काही दिवसांनी बदलू लागली. वरचा काळा थर सुटून आला, खाली लालसर मांस दिसू लागले, वास कमी झाला. डॉक्टर तपासायला आले तेव्हा म्हणाले, "वळवायला लागलात वाटते. कसे काय पटवलेत त्यांना?" मी म्हणालो, "मी नाही पटवले." शेठाणीबाई एकदा धोतरे द्यायला आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या, कारण दाराजवळ देवी मांडलेली होती. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, देवीला हात जोडले आणि आत आलेल्याच आहोत तर म्हणून मायच्या खाटेजवळ थोडा वेळ बसल्या. मायने त्यांना विचारले, "लेकरं बरी शेत नं?" एवढ्यावर त्या पदराने डोळे टिपू लागल्या. त्यानंतर त्या अधूनमधून येत.

ती देवीवाली बाई कोण होती याची मी वरच्या गल्लीत चौकशी केली होती. फैजपूरकडे दिलेली त्या घरची लेक, सणाला आली होती आणि दुसऱ्याच दिवशी परत गेली, असे कळले. म्हणजे ती तुमच्या माझ्यासारखी हाडामांसाची बाई होती आणि पावसामुळे आमच्या घरात शिरली. यापेक्षा जास्त काही घडले असा माझा दावा नाही. मला तिचे आभारही मानता आले नाहीत. पण आमच्या गल्लीत इतकी दारे होती, आणि महिनोन्‌महिने बंद असलेले माझे दार त्याच घटकेला उघडे होते, एवढे मला माहीत आहे. ते उघडायला मायनेच सांगितले होते हेही माहीत आहे.

दिवाळीच्या आधी मायचे अन्न तुटले. जखम पुरती भरली नाही. तेवढे बळच तिच्या अंगात राहिले नव्हते. पण ती स्वच्छ होती, कोरडी होती, आणि तिथे तिला दुखत नव्हते. एके दुपारी ती उजव्या कुशीवर होती, देवी दाराजवळच्या पाटावर. वळवायची वेळ झाली म्हणून मी उठलो आणि सवयीने आधी देवीला उचलायला वाकलो. माय म्हणाली, "राहू दे तिले तठेच. किती उचलशी? थकनी व्हई ती बी."

मी म्हणालो, "मग तुला वळवायचं कसं?"

"माले फिराव."

"पण माय, मग देवीकडे पाठ होईल."

बोलायला तिला दम लागत होता. मग म्हणाली, "व्हऊ दे. देखानी काय गरज शे आते? मांगे शे ती, माले माहीत शे. मन्ही पाठ तिले ठाऊक शे बठ्ठी."

मी तिला वळवले. जिने देवीला पाठ दाखवायची नाही म्हणून आपली कूस सडू दिली होती, ती आता देवीकडे पाठ करून, भिंतीच्या रिकाम्या कोनाड्याकडे तोंड करून शांत पडली होती. तिच्या चेहऱ्यावर कसलीही घालमेल नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "बरं वाटस," आणि डोळे मिटले. त्यानंतर ती थोडेच दिवस होती, आणि त्या दिवसांत तिने देवी कुठे आहे हे एकदाही विचारले नाही. ती गेली तेव्हा आबा आणि काकू आले होते. काकूने आपण होऊन तिला न्हाऊ घातले. पाठ पुसताना तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "किती नीट ठेवं रे तू हिले." मी म्हणालो, "मी एकट्याने नाही काकू."

हे मी आज लिहितो आहे ते कुणाला काही पटवून देण्यासाठी नाही. मी गणिताचा माणूस, सिद्ध न करता आलेले लिहायला माझा हात कचरतो. एवढेच सांगायचे आहे की त्या वर्षी मी फार एकटा होतो, आणि आपण एकटे आहोत याची माझी खात्रीही झाली होती. समर्पण म्हणजे देवाकडे टक लावून बसणे असे मी समजत होतो, आणि समोर काही दिसेना म्हणून रागावलो होतो. मायने मला जाता जाता दाखवले की समर्पण याच्या उलटे असते. ज्याच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे त्याच्याकडे माणूस निश्चिंतपणे पाठ करून झोपतो. मला अजून ते पूर्ण जमलेले नाही. मन कधी फार घाबरले तर मी निजताना कूस बदलतो, पाठीमागची जागा मोकळी ठेवतो, आणि तिथे जी कोणी आहे तिच्या हवाली स्वतःला करून डोळे मिटतो. बहुतेक वेळा झोप लागते.